कपाटाच्या किल्लीचा इतिहास

शाळेच्या स्मरणिकेसाठी ग्रंथालयाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी आधी दाखल नोंदवह्या काढल्या. तीन जाड वह्या, कापडी बांधणीच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. अनुक्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पाने, किंमत, शेरा असे रकाने आणि जुन्या शिक्षकांचे घोटीव अक्षर. कोणते पुस्तक कधी आले, कितीला आले, कोणी भेट दिले, सगळे त्यात सापडते. ते वाचले कोणी, एवढे मात्र सापडत नाही. देवघेवीची वही पहिल्या कित्येक वर्षांची नाहीच. हरवली असावी म्हणून मी निवृत्त सहकाऱ्यांकडे चौकशी केली. त्यांच्यातले सर्वांत वडील सर म्हणाले, "बाई, ती वही हरवलेली नाही. ती कधी लागलीच नाही."

तेव्हाच लक्षात आले की आपल्या ग्रंथालयाचा इतिहास पुस्तकांच्या संख्येने सांगता येणार नाही, तो कपाटाच्या किल्लीने सांगावा लागेल. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात होती तो एक काळ. ती वर्गशिक्षकांकडे आली तो दुसरा. सातवीतल्या मुलींच्या हाती गेली तो तिसरा. पहिला काळ सर्वांत लांबलचक आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे सर्वांत थोडे आहे.

सोलापूरला पुस्तकांचे वावडे कधीच नव्हते. आज हिराचंद नेमचंद वाचनालय म्हणून सारे गाव ओळखते ती संस्था १८५३ सालची. आगगाडी सोलापुरात पोचली १८६० साली, म्हणजे गावात वाचनालय आधी आले, रेल्वे नंतर. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) आणि मग सोलापूर, अशी मराठी मुलखातल्या पहिल्या वाचनालयांची रांग आहे आणि तिच्यात आपला नंबर फार मागे नाही. १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच गावात भरले. पण ही वाचनालये मोठ्या माणसांची होती. मुलांसाठी मराठीत पुस्तके नव्हती असेही नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बालमित्र' १८२८ मधले, वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' १९०६ पासूनचा. पुस्तक होते, वाचणारे मूलही होते. त्या दोघांची गाठ घालून देणारी जागा शाळा होती, आणि शाळेतले कपाट बंद होते.

आपली शाळा शहराच्या पूर्व भागात. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. गिरण्या आणि मागांच्या ओढीने तेलंगणातली पद्मशाली कुटुंबे इथे येऊन राहिली. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले, पण चादरी आणि टॉवेलांचे यंत्रमाग चालू राहिले, आणि घराघरांत बायका विड्या वळत राहिल्या. आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांची घरची भाषा तेलुगू, कोणाची कन्नड, कोणाची उर्दू. मराठी ही त्यांची शाळेची भाषा. घरी वर्तमानपत्र येत नाही, आजीच्या गोष्टी तेलुगूत असतात, आणि पहिलीत आल्याबरोबर 'अननसाचा अ' समोर येतो. अननस आमच्या गल्लीत कोणी पाहिलेले नसते. अशा मुलाला पाठ्यपुस्तकापलीकडचे मराठी ऐकायला आणि पाहायला मिळाले नाही, तर ते वाचायला शिकते, पण वाचक होत नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळले. कपाट उघडायला मात्र त्यानंतर बराच काळ गेला.

उशीर का झाला, हे नीट लिहायला हवे, कारण दोष कोणा एकाचा नव्हता. ग्रंथालयाचा भार ज्या शिक्षकाकडे, त्याच्या नावावर ती सारी पुस्तके. खुर्च्या-टेबले जशी जडवस्तू नोंदवहीत मोजली जातात, तशीच पुस्तकेही वर्षाअखेरीस मोजली जात. एक कमी भरले तर खुलासा द्यायचा, नाहीतर किंमत भरायची. माझ्या आधीच्या एका सरांना एका शब्दकोशाचे पैसे पगारातून द्यावे लागले होते. ती हकिकत शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा सांगितली गेली की पुढची कित्येक वर्षे कोणी त्या कपाटाच्या वाटेला गेले नाही. कोणी माणूस वाईट नव्हता, नियमाचा अर्थ तसा लावला गेला होता. फार पुढे मला कळले की केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी याबाबत स्पष्ट तरतूद आहे: वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी धरायचे, आणि योग्य अधिकाऱ्याने ती निर्लेखित करायची. हा नियम काही आपल्या शाळेला थेट लागू नाही. पण दिल्लीतल्या हिशेबनिसांनीसुद्धा पुस्तक हरवणे हे वाचनाचाच एक भाग धरले आहे, हे वाचून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. शाळा समितीपुढे मी तोच कागद वाचून दाखवला.

मधल्या काळात सरकारकडून पुष्कळ काही घडत होते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. बालभारतीची स्थापना त्याच वर्षीची. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केले. आपल्या कपाटातले जुने 'किशोर' अंक कोऱ्यासारखे होते. इतर शाळांत ते फाटेपर्यंत वाचले गेले, आपल्याकडे ते सुस्थितीत राहिले, आणि तपासणीत त्याचे कौतुकही झाले. १९८७ च्या सुमारास खडू-फळा योजनेतून प्राथमिक शाळांना साहित्याबरोबर पुस्तकेही मिळू लागली. शेजारच्या प्राथमिक शाळेत आलेली पेटी मी पाहिली होती. ती खिडकीखाली ठेवून तिच्यावर घंटा ठेवत.

आपले कपाट उघडले ते एका शनिवारी, शाळा सकाळची असताना, आणि फारशा विचाराने नव्हे. पाचवीच्या वर्गावर बदली तास होता. मी किल्ली मागून घेतली, हाताला येतील ती चाळीसेक पातळ पुस्तके वर्गात नेली आणि सतरंजीवर पसरली. मुले पहिली दहा मिनिटे हात लावेनात. मग एकाने विचारले, "बाई, ह्याच्यावर प्रश्न विचारणार का ओ?" मी नाही म्हटले. त्या 'नाही'नंतर जो गलका झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर पाहायला आले.

पुढच्या आठवड्यात एका मुलाच्या वडिलांनी मागावरच्या सुताची बळकट दोरी पाठवली. ती वर्गाच्या दोन खिळ्यांना बांधली आणि तिच्यावर पुस्तके मधोमध उघडून टांगली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कपाटात पुस्तकाचा फक्त कणा दिसतो. दोरीवर मुखपृष्ठ दिसते, आणि मूल मुखपृष्ठ पाहूनच पुस्तक उचलते. आपल्या ग्रंथालयाचा दुसरा काळ त्या दोरीपासून सुरू झाला. देवघेवीची पहिली वहीही त्याच वर्षीची, दोनशे पानी, शाईचे डाग पडलेली.

त्या वहीवरून मुलांनी काय वाचले ते नेमके सांगता येते, आणि ते आम्हा शिक्षकांच्या अंदाजाप्रमाणे मुळीच नाही. थोरांची चरित्रे आम्ही सर्वांत पुढे टांगली होती, ती तशीच राहिली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका मुलाकडून दुसऱ्याकडे परस्पर जाऊ लागला, इतका की तो दोरीवर परत येतच नसे. साने गुरुजींची 'श्यामची आई' मुलींनी नेली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकातल्या कोकणातल्या आईत विड्या वळणाऱ्या आयांच्या लेकींना काय सापडले, हे मी कधी विचारले नाही. पुस्तक परत आले की शेवटची पाने ओलसर असत. 'तोत्तोचान'चा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला अनुवाद आला तेव्हा त्यातली आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा आमच्या मुलांना फार आवडली. त्यांच्यातल्या निम्म्यांनी स्टेशन रोजच पाहिलेले, त्यामुळे त्यांना ते खरेच वाटले.

सर्वांत मोठा धक्का चित्रांच्या पुस्तकांनी दिला. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारखी छोट्यांसाठी केलेली पुस्तके सातवी-आठवीची मुले न्यायची. शिक्षकांच्या बैठकीत त्यावर आक्षेप आला की एवढी मोठी मुले बालवाडीची पुस्तके नेतात, याला वाचन कसे म्हणायचे. मला उत्तर ठाऊक नव्हते म्हणून मी दोघा-तिघांच्या घरी गेले. दोन खोल्यांचे घर. आई उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे. भिजवलेल्या तेंदूपानाचा वास. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब, म्हणून मान वर करायला सवड नाही. शेजारी आठवीतली मुलगी धाकट्या भावाला चित्र दाखवत मराठी वाक्य वाचते, मग तेच तेलुगूत सांगते, आणि पान उलटायच्या आधी आई म्हणते ते मला कळले नाही. मुलीने सांगितले, "आई म्हणतीय, थांब, पुढचं मी ओळखते."

ती घटना बैठकीत सांगितल्यावर आक्षेप कायमचा मिटला.

नंतर वाचनात आले की हे काही आमच्याच गल्लीत घडत नव्हते. क्यूबात हवानाच्या चिरूट कारखान्यात १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस नेमलेला असे, आणि त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत. ड्यूमाच्या 'माँते क्रिस्तो'वर ते कामगार इतके लुब्ध होते की एका नामांकित चिरुटाला तेच नाव पडले. केरळात कण्णूरला १९६९ मध्ये विडी कामगारांनी दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली, तिथेही काम चालू असताना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याची पद्धत होती. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. सोलापुरातल्या विडी कामगार बायका कारखान्यात एकत्र बसत नाहीत, पाने घरी आणून वळतात. त्यामुळे त्यांचा वाचक त्यांच्याच घरातला सातवीचा मुलगा किंवा आठवीची मुलगी. हे ध्यानात आल्यावर आम्ही एक नियम केला: मोठ्याने वाचण्यासारखी पुस्तके वेगळी ठेवायची आणि ती एकाला एक न देता एका घराला दोन द्यायची. ग्रंथपालनशास्त्रात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असा एक आहे. आमच्याकडे वाचक म्हणजे पुष्कळदा अख्खे घर असते.

एक चूक माझी स्वतःची, तीही या इतिहासात हवी. देवघेव वाढली तशी मला तिचा पुरावा ठेवण्याची हौस आली. प्रत्येक पुस्तकाबरोबर एक छापील कागद द्यायला सुरुवात केली: लेखक कोण, आवडलेले पात्र, मिळालेला बोध. पहिल्याच महिन्यात देवघेव अर्ध्यावर आली. जी मुले आठवड्याला दोन नेत, ती एकच पातळसे नेऊ लागली, कारण बोध लवकर सापडतो. मुलांनी पाचवीत विचारलेला प्रश्न मी विसरले होते. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक मुलांच्या पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभे करतो, हे मी बी.एड.ला शिकले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तरी माझ्या वर्गात मी वाचनाचा गृहपाठ करून टाकला. दिवाळीच्या सुट्टीआधी ते कागद बंद केले. बोधाचा रकाना भरून आलेले काही कागद मी अजून जपून ठेवले आहेत. जवळजवळ सगळ्यांवर एकच वाक्य आहे: नेहमी खरे बोलावे.

२००६ च्या जानेवारीत ७९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात झाले. अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली. त्यांचा इथे उल्लेख केवळ मानाचा नाही. १९३२ साली सोलापुरात तेलुगूभाषक घरात जन्मलेला, इथल्याच टी. एम. पोरे शाळेत आणि नॉर्थकोट टेक्निकल हायस्कुलात शिकलेला मुलगा पुढे वनखात्यात गेला आणि मराठीला पक्षी, झाडे, रान यांचे शब्दच्या शब्द देऊन गेला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हणावे, हे मराठीला एका तेलुगू घरातल्या माणसाने सुचवले. संमेलनाच्या ग्रंथदिंडीला आम्ही सातवी-आठवीची मुले नेली होती. परतताना ग्रंथप्रदर्शनातून चितमपल्लींची पुस्तके घेतली. वर्गात मी एवढेच सांगितले की संमेलनाचे अध्यक्ष तुमच्यासारखेच घरी तेलुगू बोलत. त्या वर्षी कोणत्या पुस्तकांना सर्वांत जास्त मागणी होती, ते नोंदवही पाहिल्याशिवायही सांगता येईल. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, चितमपल्ली सोलापुरातच गेले. त्यांच्या पुस्तकांच्या आपल्याकडच्या प्रती आता पुन्हा बांधून घ्याव्या लागणार आहेत.

घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतले अंतर ओलांडण्याचे सर्वांत ठळक काम मात्र आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत झाले. जिल्हा परिषदेच्या त्या छोट्या शाळेत २००९ मध्ये रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांना दिसले की मुलांची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत. ते स्वतः कन्नड शिकले, पुस्तकांचा मजकूर मुलांच्या भाषेत आणला, आणि पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, गोष्टी, ध्वनिफिती ठेवल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरमधला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. बातमी आली त्या संध्याकाळी गावात पेढे वाटले गेले, पण आम्हा शिक्षकांच्या मनात राहिली ती दुसरी गोष्ट: मुलाच्या भाषेपर्यंत आधी शिक्षकाने चालत जायचे असते.

तिसऱ्या काळाची सुरुवात आम्ही उसनी घेतली आहे, हे मोकळेपणाने लिहिते. प्रदीप लोखंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत 'ग्यान-की' नावाची ग्रंथालये उभी केली. त्यांत ग्रंथालयाची जबाबदारी एका विद्यार्थिनीकडे असते. ती कल्पना ऐकल्यावर आम्ही किल्ली सातवीच्या दोन मुलींकडे दिली. दोघी, कारण एक गैरहजर असली तरी कपाट उघडावे. पहिल्या वर्षी मी रोज चार वाजता तिथे जाऊन उभी राहायची. दुसऱ्या वर्षी त्या मुलींनीच सांगितले, "बाई, तुम्ही आलात की मुलं गप बसतात ओ." मी जायची थांबले. पुस्तकांना डाव्या कोपऱ्यात रंगीत पट्ट्या लावण्याची पद्धत त्यांची: हिरवी म्हणजे प्राणी-पक्षी, लाल म्हणजे भुते आणि चोर, पिवळी म्हणजे घरी मोठ्याने वाचायचे. दशांश वर्गीकरणात असा विभाग नाही, पण पिवळ्या पट्टीचे पुस्तक कपाटात दोन दिवसही टिकत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय हवे असे म्हटले. २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. हे दोन्ही चांगले झाले. आपल्याकडे त्या दिवशी फलक लागतो, प्रमुख पाहुणे येतात. मुली मात्र दरवर्षी तक्रार करतात की कार्यक्रमामुळे त्या दिवशी देवघेव बंद राहते. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्यात 'गोष्टींचा शनिवार' मोबाइलवरून सुरू झाला. ज्या घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांबरोबर मागावर, तिथे तो पोचेना. तेव्हा आमच्या दोन शिक्षकांनी कापडी पिशव्यांतून पुस्तके गल्लीत नेली आणि मारुतीच्या पाराशी ठेवली. त्या वर्षी पुस्तके हजारी पाचाहून बरीच जास्त हरवली. शाळा समितीने एका ओळीच्या ठरावाने ती निर्लेखित केली. तो ठराव मला या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो.

शेवटी मागणी वहीबद्दल. मुलांना हवी असलेली पण कपाटात नसलेली पुस्तके त्या वहीत लिहायची असतात. ज्वालामुखी, क्रिकेट, कबुतरे कशी पाळावीत, भूत खरेच असते का. दोन वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीने लिहिले: विडीवाल्या घराची गोष्ट. आम्ही प्रकाशकांच्या याद्या पाहिल्या, दुकानांत विचारले. मुलांसाठी तसे पुस्तक मिळाले नाही. तेव्हा तिच्या वर्गाने ते स्वतः करायचे ठरवले. आपल्या शाळांत हस्तलिखिताची परंपरा जुनीच. पण हस्तलिखिते स्नेहसंमेलनात मिरवून काचेच्या पेटीत जातात. हे कपाटात जायला हवे होते. बत्तीस पाने, डावीकडे मराठी, उजवीकडे तेलुगू, एका मुलाच्या आजीने तपासून दिलेले. चित्रांत सूप आहे, कात्री आहे, पाने मोजणारी आई आहे, आणि एका पानावर यंत्रमागाचा आवाज कसा काढायचा याची सूचना आहे. मुलींनी त्याला दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक दिला, लेखकाच्या रकान्यात सगळ्या वर्गाची नावे बारीक अक्षरात बसवली आणि वर पिवळी पट्टी लावली.

हा लेख लिहिताना ते पुन्हा एकदा चाळावे म्हणून मी शाळेत गेले. कपाटात ते नव्हते. देवघेव वहीत पाचवीतल्या एका मुलाच्या नावावर होते, परत करायची तारीख उलटून गेली होती, आणि शेऱ्यात किल्लीवाल्या मुलीने लिहिले होते: आजीचे ऐकून व्हायचे आहे, मुदत वाढवली.